जुन्या गाडीचं जलरंगचित्र : नगरमध्ये खर्च किती, वेळ किती

जुनी गाडी जलरंगात रंगवायची असेल तर जास्त पैसे कागदावर घाला, रंगपेटीवर कमी. दुकानात गेलात की नेमकं उलटं घडतं. अठ्ठेचाळीस रंगांची पेटी पुढे येते आणि कागद म्हणून शाळेची चित्रकला वही हातात पडते. त्या वहीवर दुसरा हात मारला की कागद फुगतो, तिसऱ्याला त्याची लव निघते. गाडीच्या बॉनेटवर लव निघाली की चित्र संपलं.

आधी जागा. अहिल्यानगरमध्ये खरी जुनी वाहनं समोर ठेवून चित्र काढायचं असेल तर कॅव्हलरी टँक म्युझियम गाठा. शहरातून सोलापूर रस्त्याच्या बाजूला, फराहबागेजवळ. १९९४ साली लष्कराच्या आर्मर्ड कोअरने ते सुरू केलं. पन्नासच्या आसपास वाहनं आहेत आणि बहुतेक उघड्यावर, झाडांमध्ये उभी आहेत, म्हणजे प्रकाश आणि सावली फुकट मिळते. नावावरून फक्त रणगाडे असतील असं समजू नका. रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टच्या सांगाड्यावर उभारलेली चिलखती मोटार इथे आहे. मोटारीचीच चित्रं काढायची असतील तर दिवस तिच्यासमोर घालवा. हात बसल्यावर विजयंता, सेंच्युरियन, पॅटन यांच्याकडे वळा. पॅटनच्या साखळपट्ट्यांवर पहिल्याच दिवशी बसू नका. दोन तास जातील आणि हाती काळा पट्टा उरेल.

जाण्याचा खर्च. पुण्याहून नगर सुमारे १२० किलोमीटर, एसटीने तीन तास धरा, वाघोली-शिक्रापूरच्या गर्दीत अडकलात तर आणखी. माळीवाडा किंवा पुणे बसस्थानकावर उतरा आणि रिक्षाचं भाडं बसण्याआधी ठरवा, तेही ‘जाऊन-येऊन, थांबून’ असं नव्हे. थांबण्याचे पैसे तासावर चढतात आणि तुम्ही तिथे चार तास बसणार आहात. जाताना एक रिक्षा, येताना दुसरी. हेच स्वस्त पडतं. तिकीट, कॅमेरा, चहा, पाणी मिळून माणशी दोन-अडीचशे रुपये सुट्टे ठेवा. कॅमेऱ्याचे पैसे प्रवेशाच्या तिकिटात धरलेले असतात असं गृहीत धरू नका. मोबाइलने काढलेले फोटो त्यात येतात का, हे खिडकीवरच विचारा.

कागदपत्रं : प्रत्येक मोठ्या माणसाचं आधार किंवा दुसरं फोटो ओळखपत्र, मूळ प्रत. परिसर लष्कराचा आहे. आत प्रदर्शनातल्या वाहनांचे फोटो काढा, पण वाटेतल्या लष्करी इमारती, फाटकं, पहारेकरी यांच्याकडे मोबाइल वळवू नका आणि ड्रोन घरीच ठेवा. स्टूल टाकून बसायचं असेल तर आधी पहाऱ्यावरच्या माणसाला सांगा. वही आणि छोटी पेटी घेऊन बसलेल्याला सहसा कुणी हटकत नाही. ईझल आणि छत्री उभारायची असेल, किंवा दहा-पंधरा जणांचा गट न्यायचा असेल, तर आधी लेखी अर्ज द्या. वाहनांवर चढू नका, त्यांच्यावर पाण्याचा डबा ठेवू नका. रंगाचं पाणी बाटलीत भरून परत न्या.

वेळ : नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी. फाटक उघडताच आत जा. साडेअकरानंतर सावल्या गाडीच्या पोटाखाली शिरतात आणि आकार सपाट दिसू लागतो. एप्रिल-मेमध्ये नगरची हवा इतकी कोरडी असते की मोठा वॉश कागदाच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक वाळलेलं असतं. त्या दिवसांत जायचंच असेल तर पाण्याचा फवारा सोबत ठेवा. पन्नास रुपयांची सलूनवाली बाटली चालते. ‘आर्टिस्ट मिस्टर’ म्हणून तीच चारशेला मिळते, घेऊ नका.

आता सामान. खालचे आकडे बजेट म्हणून धरा, दुकानागणिक थोडे वर-खाली होतील. कागद ३०० जीएसएमचाच हवा. सरावाला २५ टक्के सुती कागदाचं पॅड, साडेतीनशे ते पाचशे. पक्क्या चित्राला शंभर टक्के सुती कागद. आयात केलेला पूर्ण ताव पाचशे ते आठशेला पडतो, पण त्याचे चार तुकडे होतात आणि एका गाडीला एक तुकडा पुरतो. म्हणजे चित्रामागे सव्वाशे ते दोनशे रुपये. देशी हातकागद याहून स्वस्त आहे, मात्र घेण्याआधी दुकानदाराकडून एक चिटोरं मागून त्यावर पाण्याचा थेंब टाका. थेंब टीपकागदासारखा लगेच शोषला गेला तर तो कागद पत्रिकेसाठी आहे, तुमच्यासाठी नाही.

नगरच्या स्टेशनरी दुकानांत कॅमलचे रंग आणि साधे ब्रश सहज मिळतात. सुती कागदासाठी पुण्याला अप्पा बळवंत चौकात जाणाऱ्या कुणाला तरी यादी द्या. एका तावासाठी ऑनलाइन मागवलात तर पोचवण्याचा खर्च कागदाच्या निम्मा होतो आणि ताव गुंडाळून, कोपरे मोडून येतो. चौघांनी मिळून दहा ताव मागवा, सपाट पाठवा म्हणून लिहा.

रंग सात पुरे : अल्ट्रामरीन, सिरुलियन, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, एक लिंबोणी पिवळा, दोन लाल. काळा नको. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून जो करडा येतो तो टायर, चेसिस, गंजलेलं पोलाद, सगळ्याला पुरतो आणि त्याच्यात जीव असतो. लष्करी हिरवाही पिवळा, अल्ट्रामरीन आणि किंचित सिएना यांतून होतो. तयार ऑलिव्ह ग्रीनची ट्यूब वाया जाते. आर्टिस्ट दर्जाच्या सुट्या ट्यूब घेतल्यात तर सातांचे आठशे ते पंधराशे होतील. लाल घेताना ट्यूबवरचा रंगद्रव्याचा क्रमांक वाचा. ‘पी. आर. ८३’ असेल तर ते खरं अलिझरिन क्रिमसन, उन्हाने उडणारं. लाल गाडीचं चित्र दिवाणखान्यात लावलंत की काही वर्षांत ती गुलाबी होते. त्याऐवजी ‘पी. व्ही. १९’ घ्या. थोडे पैसे जास्त जातील, ते द्या.

ब्रश तीन : मोठा गोल, मधला गोल, बारीक लायनर. सिंथेटिक चालतात, मिळून चारशे ते सातशे. मास्किंग फ्लुइड दोन-अडीचशेचं. पुढच्या दिव्यांची कड आणि क्रोमचे उजेड राखायला उपयोगी, पण ते चांगल्या ब्रशने लावलंत तर ब्रश गेला. जुना ब्रश घ्या, आधी साबणात बुडवा. पांढऱ्या रंगावर भिस्त ठेवू नका. क्रोमचा चकाकता भाग म्हणजे कोरा सोडलेला कागद. वर आभाळाचा निळा, खाली जमिनीचा तपकिरी, मधे एक धारदार गडद रेघ : बंपर तयार.

सगळं धरून सुरुवातीचा खर्च दोन ते तीन हजार, त्यात पंधरा-वीस चित्रं होतात. एका चित्राला चार ते सहा तास, त्यातला पहिला तास निव्वळ पेन्सिलीचा. जुन्या गाड्यांची चित्रं बिघडतात ती रंगाने नाही, चाकांच्या लंबवर्तुळांनी. यथादर्शन कच्चं असेल तर महागड्या कार्यशाळेआधी मिलिंद मुळीक यांचं ‘पर्स्पेक्टिव्ह’ हे ज्योत्स्ना प्रकाशनाचं पुस्तक घ्या. कार्यशाळेला जायचंच असेल तर एका दिवसाचे हजार ते अडीच हजार धरा आणि तीन प्रश्न विचारा : सामान त्यात आहे का, जेवण आहे का, शिक्षक तुमच्या कागदावर हात लावून दाखवणार की फक्त स्वतःचं चित्र काढणार.

ट्रेसिंग करावं का? खुशाल करा. स्वतः काढलेला फोटो झेरॉक्सच्या दुकानात हव्या आकारात छापून घ्या, वीस-तीस रुपये. खिडकीच्या काचेवर धरून बाह्यरेषा उतरवा. मात्र फोटो काढताना मोबाइल गाडीच्या अगदी जवळ धरू नका. बॉनेट फुगतं आणि मागचं चाक बारीक होतं. दहा पावलं मागे जा आणि झूम करा.

दुसऱ्याचा फोटो वापरणार असाल तर कायदा बघा. भारतात फोटोवरचा हक्क तो प्रसिद्ध झाल्यानंतर ६० वर्षं टिकतो. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरलाच आली, लाकडी बांध्याची बेडफर्ड; नगरकराने रंगवावा असा याहून चांगला विषय मला दिसत नाही. तिचा त्या काळी छापून आलेला फोटो आज मोकळा आहे. इंटरनेटवरचा कालचा फोटो मोकळा नाही. त्यावरून चित्र करून विकायचं असेल तर छायाचित्रकाराची लेखी परवानगी हवी.

चित्र करून घ्यायचं असेल, म्हणजे घरच्या फियाटचं, अ‍ॅम्बेसेडरचं, वडिलांच्या जीपचं, तर दर असे धरा. नवा चित्रकार ए-फोर आकाराला दोन ते पाच हजार घेतो, अनुभवी ए-थ्रीला सात ते पंधरा हजार, नाव झालेला त्याच्या पुढे कितीही. मुदत दोन ते चार आठवडे. दिवाळीच्या आधी दुप्पट. आगाऊ रक्कम निम्म्याहून जास्त देऊ नका. बोलण्यात न येणारे खर्च असे : मागचं दृश्य हवं तर वेगळे पैसे, गाडीसोबत माणूस हवा तर वेगळे, दुसऱ्यांदा दुरुस्ती वेगळी, स्कॅन वेगळा, कुरिअर वेगळं. सगळे एका व्हॉट्सअ‍ॅप संदेशात लिहून घ्या. बिलात जीएसटी लावला असेल तर त्यावर नोंदणी क्रमांक छापलेला हवा. नसेल तर तो पैसा देऊ नका.

फसवणूक इथे होते : फोटोवर संगणकाचा परिणाम चढवून जाड कागदावर छापायचा, वर चार फटकारे मारायचे आणि ‘हाताचं’ म्हणून विकायचं. भिंगाने पाहा. छपाईत बारीक ठिपके दिसतात; खऱ्या जलरंगात रंग कागदाच्या खळग्यांत बसलेला असतो आणि वॉशच्या कडेला गडद रेघ साचते. त्याहून सोपं म्हणजे आगाऊ रक्कम देतानाच दोन टप्प्यांचे फोटो मागा, पेन्सिलीचा आणि पहिल्या वॉशचा. खरा चित्रकार ते आनंदाने पाठवतो.

हक्काचं एक लक्षात ठेवा. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ नुसार, पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या चित्राचा कॉपीराइट वेगळा करार नसेल तर तुमचा असतो. चित्रकाराला त्याच्या छापील प्रती विकायच्या असतील तर त्याने तुम्हाला विचारायला हवं. उलट तुम्ही चित्रकार असाल आणि हक्क स्वतःकडे ठेवायचा असेल तर तसं आधीच लिहा.

नंबरप्लेट कशी हवी हेही आधी सांगा. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते; नोंदणी नव्याने होत असेल तर तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, आधीच नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. घरच्यांना बहुतेक वेळा जुनाच नंबर हवा असतो.

शेवटचा खर्च फ्रेमचा, आणि तोच अंदाज चुकवतो. दर रनिंग फुटावर सांगतात, पण तो फक्त पट्टीचा. काच, माउंट, मागचा बोर्ड, हुक वेगळे. ए-थ्रीची बरी फ्रेम बाराशे ते अडीच हजार. दर ‘सगळ्यासकट’ विचारा. फ्रेमवाल्याला चित्र फेव्हिकॉलने हार्डबोर्डवर चिकटवू देऊ नका. सपाट दिसतं म्हणून ते तसं करतात, पण चित्र पुन्हा सुटत नाही. वरच्या कडेला कागदी पट्टीचे दोन तुकडे पुरतात. माउंट आम्लमुक्त मागा, आणि तो हवाच : काच चित्राला टेकली की पावसाळ्यात बुरशी धरते. परगावी पाठवायचं असेल तर फ्रेम न करता, दोन प्लायच्या मधे सपाट पाठवा आणि फ्रेम तिथेच करायला सांगा. काच फुटली तर कुरिअरवाला सहसा भरपाई देत नाही, आणि फुटलेल्या काचेचे ओरखडे जलरंगावरून निघत नाहीत.