मायक्रोबायोलॉजी घ्यायचं, पण कुठल्या दारातून?

नीटचे मार्क कळले की घरोघरी एक वाक्य हमखास ऐकू येतं: "मेडिकलचं नाही जमलं, तर मायक्रोबायोलॉजी करू." ते म्हणताना आईबाबांच्या डोळ्यांसमोर पांढरा कोट, सूक्ष्मदर्शक आणि हॉस्पिटलातली पक्की नोकरी असते. रोगजंतू शोधून काढण्याचं काम मुलाला खरंच आवडणार असेल, तर हे क्षेत्र उत्तम आहे. मात्र या एका नावामागे निरनिराळ्या नोकऱ्या आहेत, आणि फी भरून होईपर्यंत बहुतेकांना त्यातला फरक कोणी सांगत नाही. म्हणून अभ्यासक्रमाआधी काम बघू.

सगळ्यात रोजचं काम म्हणजे लघवीचं कल्चर. टेक्निशियन एक मायक्रोलीटर मापाच्या लूपने नमुना घेऊन प्लेटवर पसरवतो आणि प्लेट रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवतो. दुसऱ्या दिवशी त्यावर शंभर कॉलनी उगवल्या, तर मिलीलीटरमागे एक लाख जंतू असा हिशेब होतो. मॅकॉन्की अगारवर त्या गुलाबी दिसल्या, तर पहिला संशय ई. कोलायवर. इथपर्यंत काम कुणालाही शिकवता येतं. खरी कसोटी पुढे असते. प्लेटवर तीन-चार जातींची सरमिसळ दिसली, तर ते इन्फेक्शन की नमुनाच नीट घेतला गेला नाही? बाटली मे महिन्यात दुपारभर वॉर्डाच्या टेबलावर राहिली असेल, तर आतले जंतू तिथेच वाढलेले असतात आणि आकडा फसवा येतो. अशा वेळी रिपोर्ट न छापता नमुना पुन्हा मागवणारा माणूस प्रयोगशाळेत लागतो.

रक्ताच्या कल्चरमध्ये तर ही जबाबदारी आणखी वाढते. आपल्या त्वचेवर कायम राहणारा स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस सुईबरोबर बाटलीत जाऊ शकतो. दोन वेगळ्या ठिकाणांहून घेतलेल्या बाटल्यांपैकी एकीतच तो उगवला, तर बहुधा तो आगंतुक. पण रुग्णाच्या शिरेत कितीतरी दिवस कॅथेटर असेल आणि सगळ्या बाटल्यांत तोच उगवत असेल, तर तोच गुन्हेगार असू शकतो. जंतू एकच, निकाल दोन.

मला हे काम सर्वांत चांगलं समजलं ते मेलिऑयडोसिस या आजारामुळे. 1911 साली रंगूनमध्ये व्हिटमोर आणि कृष्णस्वामी या दोघांनी तो पहिल्यांदा नोंदवला. भारतातल्या रुग्णाची पहिली नोंद 1991 मध्ये मुंबईहून प्रसिद्ध झाली. बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅली हा त्याचा जंतू ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहतो. पावसाळ्यात भातखाचरात राबणारा, त्यातून मधुमेह असलेला माणूस त्याच्या तावडीत सापडतो. पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः उडुपी-मणिपालच्या पट्ट्यात, असे रुग्ण नियमित आढळतात. कोकण आणि गोव्याचं हवामान याहून फार वेगळं नाही.

हा जंतू भलताच बहुरूपी. कधी न्यूमोनिया, कधी यकृतात गळू, कधी महिनोन्‌महिने खोकला आणि घटणारं वजन. त्यामुळे क्षयरोग समजून औषधं सुरू होतात आणि गुण येत नाही. प्रयोगशाळेतही तो निसटतो. प्लेटवर उगवतो, पण घाईत "स्यूडोमोनास जातीचा जंतू" एवढं लिहून रिपोर्ट जातो, किंवा ओळख पटवणारं स्वयंचलित मशीन त्याला त्याच्याच एका भावंडाचं नाव देऊन मोकळं होतं. सावध टेक्निशियन मात्र थांबतो. ग्रॅम स्टेनमध्ये जंतू सेफ्टी पिनसारखा दिसतोय, दोन्ही टोकं गडद आणि मध्ये फिकट. काही दिवसांनी कॉलनीला सुरकुत्या पडल्यात. मग तो सेन्सिटिव्हिटीच्या प्लेटकडे बघतो. जेंटामायसिन आणि कोलिस्टिन या अँटिबायोटिकांच्या चकत्यांभोवती जंतू बिनधास्त वाढलाय, आणि को-अमॉक्सिक्लॅवच्या चकतीभोवती मात्र स्वच्छ वर्तुळ आहे. नेहमीच्या स्यूडोमोनासचं चित्र असं नसतं. तो लगेच प्लेट सुरक्षा कॅबिनेटमध्ये हलवतो, कारण हा जंतू श्वासातून आत जाऊ शकतो, आणि वरिष्ठ डॉक्टरांना फोन लावतो. त्या एका फोनमुळे उपचार बदलतात: किमान दहा ते चौदा दिवस शिरेतून सेफ्टाझिडीम किंवा मेरोपेनेम, त्यानंतर सुमारे तीन महिने गोळ्या.

"मशीनं आली, आता माणसं कशाला?" या पालकांच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं इथेच आहे. माल्डी-टॉफ नावाचं महागडं यंत्र जंतूच्या प्रथिनांवरून काही मिनिटांत नाव सांगतं, पण त्याच्यापुढे उगवलेली कॉलनी कोणाला तरी ठेवावी लागते. क्षयरोगाचं घन माध्यमावरचं कल्चर आठ आठवड्यांपर्यंत वेळ घेई. गोव्यात तयार झालेलं ट्रूनॅट आता काही तासांत जंतू आहे का आणि रिफॅम्पिसिनला दाद देतो का, हे सांगतं. या यंत्रांमुळे तपासणी लहान गावांपर्यंत पोचली आणि ती चालवणाऱ्या हातांची गरज उलट वाढली. नाव सांगणं यंत्राला जमलंय. हा जंतू खरा दोषी आहे का, हे रुग्णाची माहिती समोर ठेवून माणसालाच ठरवावं लागतं.

आता दारं. पहिलं एमबीबीएस करून एमडी मायक्रोबायोलॉजी. साडेचार वर्षं, एक वर्षाची इंटर्नशिप आणि पुढे तीन वर्षं. ही शाखा मिळाली की अनेक घरांत सुतक पाळतात, कारण ओपीडी नाही, स्वतःचा दवाखाना नाही. हे दुःख मला कधी पटलेलं नाही. रिपोर्टचा अर्थ लावणं, कोणतं अँटिबायोटिक द्यावं याचा सल्ला देणं, आयसीयूत पसरलेल्या इन्फेक्शनचा माग काढणं हे सगळं याच डॉक्टरचं काम, आणि औषधांना न जुमानणारे जंतू वाढताहेत तशी त्यांची गरजही वाढतेय.

दुसरं दार टेक्निशियनचं: डीएमएलटी, किंवा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीएमटी पदवी. प्लेट, स्लाइड, लूप हातात येते ती याच वाटेने. स्पष्टच सांगते, खासगी लॅबमध्ये सुरुवातीचा पगार तुटपुंजा असतो आणि रात्रपाळी चुकत नाही. क्षयरोग कार्यक्रमासारख्या सरकारी योजनांतल्या बऱ्याच जागा कंत्राटी असतात. हिपॅटायटिस बीची लस घेतल्याशिवाय तर या कामाला हातच लावू नये.

तिसरं दार बीएस्सी मायक्रोबायोलॉजी, आणि गल्लत होते ती इथे. ही पदवी चांगली आहे, पण तिच्यानंतरच्या बऱ्याच नोकऱ्या औषध कंपन्यांच्या गुणवत्ता विभागात, डेअरीत, अन्न आणि पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळांत असतात. तिथे रुग्ण नसतो. हॉस्पिटलमध्येच जायचं असेल, तर पदवीनंतर डीएमएलटीची जोड किंवा वैद्यकीय महाविद्यालयातली मेडिकल मायक्रोबायोलॉजीची एमएस्सी, असं काहीतरी लागतं. आणि तरीही रिपोर्टवर सही कोणाची, हा प्रश्न उरतोच. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. 2017 मध्ये न्यायालयाने पदव्युत्तर पदवी असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी असं म्हटलं. त्यानंतर नियमांत बदल होत गेले. "एमएस्सी केलं की स्वतःची लॅब टाकता येते" असं कोणी सांगितलं, तर आजचा नियम लेखी दाखवायला सांगा.

संशोधनाकडे ओढा असेल, तर एमएस्सी आणि पीएचडीची वाट मोकळी आहे. परळच्या हाफकिन संस्थेचं मूळ हाफकिन यांनी मुंबईत 1897 मध्ये प्लेगची लस बनवली त्या कामात आहे. पण ही लांबची शर्यत आहे. पंचविशीत स्थिर पगाराची घाई असणाऱ्या घराने ती आधीच ओळखावी.

प्रवेश घ्यायच्या आधी एक दिवस कॉलेजात जा, आणि प्रॉस्पेक्टस बाजूला ठेवून प्रयोगशाळा बघायला मागा. तिथे विचारा: विद्यार्थी रुग्णांच्या खऱ्या नमुन्यांवर काम करतात की फक्त तयार स्लाइड बघतात? कोणत्या हॉस्पिटलशी जोडणी आहे, आणि तिथे किती महिने पाठवता? अभ्यासक्रमाला मान्यता कोणाची, आणि पॅरावैद्यक परिषदेत नोंदणी होते का? गेल्या वर्षीची मुलं कुठे लागली, त्यांच्यापैकी दोघांशी बोलता येईल का? चांगलं कॉलेज या प्रश्नांना वैतागत नाही. जिथे उत्तरं टाळली जातील, तिथे डिपॉझिट भरू नका.