पाहुण्यांचे जेवण : आदल्या दिवशी काय करावे?

रविवारी दहा माणसे जेवायला यायची असली, की शनिवारी रात्रीच निम्मा स्वयंपाक उरकावासा वाटतो. तो जरूर उरकावा. घरच्या बाईलाही पंगतीत निवांत बसता यावे, असे माझे मत आहे.

फक्त भात आदल्या रात्री शिजवून ओट्यावर ठेवू नका. तांदळात ‘बॅसिलस सेरियस’ जंतूचे बीजाणू असू शकतात. ते शिजवूनही मरत नाहीत. कोमट भातात हे जंतू वाढून विष तयार करतात आणि ते पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. मसालेभात करायचा तर भाज्या चिरून, मसाला कुटून ठेवावा. भात आयत्या वेळी टाकावा.

श्रीखंड मात्र आदल्या दिवशीचेच चांगले. उन्हाळ्यात चक्का रात्रभर बाहेर टांगण्याऐवजी चाळणीत फडके घालून फ्रीजमध्ये निथळू द्यावा. कोशिंबिरीत दही-मीठ वाढतानाच घालावे.

उसळ केलीच तर पसरट भांड्यांत निववून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावी व वाढण्यापूर्वी चांगली उकळावी. वीज वरचेवर जात असेल, तर रात्री कडधान्य फक्त निवडून ठेवा. उसळ सकाळीच करा.