आधी दोष कुठे आहे ते बघू

अगं, नवा कीबोर्ड मागवायची घाई करू नकोस. प्रबंधाच्या ऐन घाईत तो मध्येच बंद पडतो, तू काढतेस, लावतेस, चिडतेस. ते मला कळतं. पण दोष टॅब्लेटचा निघाला तर नव्या कीबोर्डचे पैसे पाण्यात जातील.

तुझ्या सर्फेसच्या टाइप कव्हरला, म्हणजे या कीबोर्डला, ब्लूटूथ लागत नाही की वेगळं चार्जिंग. कडेला धातूचे बारीक बिंदू आहेत, वीज आणि अक्षरं दोन्ही त्यांतूनच जातात. चुंबक घट्ट चिकटलं म्हणजे हे बिंदू टेकलेच असं नाही. मध्ये घाम, तेलकटपणा, पिशवीतला कचरा बसतो. टॅब्लेटला जाड कडेचं संरक्षक कव्हर घातलं असशील तर ते आधी काढून बघ. मग टॅब्लेट पूर्ण बंद कर, मऊ कापडावर थोडंसं आयसोप्रोपिल अल्कोहोल घे आणि दोन्हीकडचे बिंदू हलकेच पूस. सुकल्यावरच जोड. टाचणीनं किंवा ब्लेडनं खरवडू नकोस हं, वरचा मुलामा गेला की ते बिंदू लवकर खराब होतात.

तरीही जोडणी तुटतेय? मग ही परीक्षा कर, मला हीच सगळ्यात भरवशाची वाटते. नोटपॅड उघड, एक कळ दाबून धर, अक्षरांची रांग धावू लागेल. आता दुसऱ्या हातानं कीबोर्डचा कोन हळूहळू बदल. ठरावीक कोनात रांग थांबली आणि कोन बदलताच पुन्हा सुरू झाली, तर संशय घडीवर घ्यायचा. रोज उघडमीट होऊन आतली पातळ जोडणी तिथेच झिजते. अशा वेळी पुसून किंवा सेटिंग बदलून काही होत नाही.

कोनाचा फरक पडत नसेल तर सगळं सेव्ह करून टॅब्लेट बंद कर. आवाज वाढवायचं बटण दाबून धर, पॉवरचं दाबून सोड आणि लोगो दिसला की पहिलं सोड. यूईएफआयचा, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगचा पडदा येईल. तिथे काही बदलू नकोस, नुसत्या बाणांच्या कळा चालतात का ते बघ. तिथे नीट चालून कीबोर्ड फक्त विंडोजमध्ये बंद पडत असेल तर हार्डवेअर बहुधा ठीक आहे. विंडोज अपडेट कर, पॉवरचं बटण २० सेकंद धरून सक्तीनं बंद करून पुन्हा सुरू कर. एवढ्यानं नाही भागलं तर डिव्हाइस मॅनेजरमधून कीबोर्ड अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट कर, विंडोज तो परत ओळखतं.

तुझ्या मैत्रिणीच्या आयपॅडचा कीबोर्ड स्मार्ट कनेक्टरचा असेल तर तिथेही तीन बिंदू पुसायचे. ब्लूटूथचा असेल तर मात्र वाट वेगळी: आधी चार्ज करायचा, मग जुनं पेअरिंग काढून नवं करायचं, आणि यूएसबी ३ ची हार्ड डिस्क शेजारी असेल तर लांब ठेवायची, कारण तिच्यामुळे २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींत अडथळा येतो.

खरेदीआधी शेवटचं एकच: कुणाचा तरी तुझ्या मॉडेलला चालणारा कीबोर्ड तासभर उसना घे. तोही मध्येच बंद पडला तर दुखणं टॅब्लेटचं आहे. आणि बिलावरची तारीख आजच बघ. वॉरंटी शिल्लक असेल तर काही उघडू नकोस, टॅब्लेट आणि कीबोर्ड दोन्ही घेऊन सरळ सर्व्हिस सेंटरला जा. तोवर साधा यूएसबी कीबोर्ड जोडून लिहीत राहा, प्रबंध थांबवू नकोस.