मल्लखांब आणि मनाची पकड



मल्लखांब उज्जैनला नवा नाही. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९८१ साली आपल्याच गावी झाली. २०१३ मध्ये मल्लखांब मध्य प्रदेशचा राज्य खेळ ठरला आणि २०२० मध्ये उज्जैनचे प्रशिक्षक योगेश मालवीय यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. फ्रीगंजमधल्या आपल्या घरांतही या खेळाचे कौतुक आहे. पण खांबावर चढलेल्या मुलाच्या मनात काय चालले आहे, याचा विचार आपण क्वचितच करतो.

भीती म्हणजे काय?

भीती म्हणजे भित्रेपणा नव्हे. धोका दिसला की शरीर सावध होते, छाती धडधडते, श्वास वरच्या वर होतो, तळहातांना घाम सुटतो. खांबाला आधीच एरंडेल लावलेले असते. त्यात घाम आला आणि अंग ताठरले की पकड सुटते. म्हणजेच मनातली भीती थेट हातात उतरते. वयात येताना उंची भराभर वाढते, तोल बदलतो आणि काल सहज जमलेली उडी आज अवघड वाटते. तो आळस नसतो.

मोठ्या खेळाडूंचेही असेच होते. अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिला २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये हवेत आपण नेमके कुठे आहोत हे उमजेनासे झाले. तिने सांघिक अंतिम फेरीतून माघार घेतली. पुढे २०२४ मध्ये पॅरिसला तिने तीन सुवर्णपदके जिंकली. थांबल्याने तिचा खेळ संपला नाही.

काय करावे?

विद्यार्थ्यांनी : सलामीपूर्वी तीन-चार वेळा सावकाश, लांब श्वास सोडावा. भीती वाटल्यास उस्तादांना स्पष्ट सांगावे. "आज ही उडी नको" म्हणावे, पण मैदान सोडू नये. आढी, बगली, दसरंग अशा पक्क्या प्रकारांकडे परत यावे आणि तिथून पुन्हा एकेक पायरी चढावी.

पालकांनी : स्पर्धेहून परतताना गुण विचारू नयेत, आधी "मजा आली का?" असे विचारावे. शेजारच्या मुलाशी तुलना टाळावी. चुकलेली उडी मुलाला स्वतःलाच माहीत असते.

विश्वस्तांनी : पुरेशा गाद्या असाव्यात. नकार देणाऱ्या मुलाला सर्वांसमोर कोणी बोलू नये, असा नियमच असावा.

मुलांनी असे म्हटले तर ती आळशी होतील, अशी शंका काहींना येईल. पण घाबरत मारलेली उडी दुखापत करते आणि बोलणी खाल्लेले मूल हळूहळू मैदानावर येईनासे होते. पडलेले मूल पुन्हा चढते. लाजवलेले मूल बहुधा चढत नाही. आपला खेळ टिकवायचा असेल, तर हा फरक आपण सर्वांनी ध्यानात ठेवू या.