दोष फॉन्टचा की हेडरचा?

वेबपेजवर मराठीऐवजी किडे-मुंग्या दिसल्या की आपल्याकडे निदान ठरलेलं, "फॉन्ट गेला भौ!" मग कोणी नवीन फॉन्ट टाकतं, तर कोणी मजकुराचा फोटोच पेजवर चिकटवतं. पण खूपदा मजकूर ठणठणीत असतो, चूक हेडरमध्ये असते.

हेडर म्हणजे काय? अकोल्याच्या जिनिंग-प्रेसिंगमधली रुईची गाठ आठवा. सोबतची चिठ्ठी सांगते, माल कोणता, वजन किती. सर्व्हरसुद्धा आधी हेडर पाठवतो, मग एक रिकामी ओळ आणि नंतर माल. ब्राऊझरमध्ये एफ-१२ दाबा, नेटवर्क टॅब उघडा, पेज रीलोड करा आणि पहिल्या फाइलचे रिस्पॉन्स हेडर्स वाचा. आता तीन नेहमीचे बिघाड पाहू.

१) कंटेंट-टाइप : यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट्सचं असतं. 'अ' म्हणजे ई० ए४ ८५. हेडरमध्ये चारसेट आयएसओ-८८५९-१ असेल, तर ब्राऊझर या ३ बाइट्सना ३ वेगळी अक्षरं समजतो. 'अमरावती'च्या ७ चिन्हांचे २१ बाइट्स होतात, म्हणून कचराही तिप्पट! मेटा टॅगमध्ये यूटीएफ-८ लिहून भागत नाही, कारण हेडर त्याच्यावर मात करतो. अपाचे सर्व्हर असेल तर ॲडडिफॉल्टचारसेट ही सेटिंग बघा. ती नुसती 'ऑन' असेल तर आयएसओ-८८५९-१ लागू होतो. तिथे यूटीएफ-८ लिहा.

२) कंटेंट-लेंग्थ : इथे बाइट्स मोजायचे असतात, अक्षरं नाही. पायथॉन ३ मध्ये 'अकोला'ची लांबी ५ येते, पण बाइट्स १५ असतात. हेडरमध्ये ५ गेले, तर ब्राऊझर ५ बाइट्स घेऊन थांबतो. म्हणजे पूर्ण 'अ' आणि 'क'चा तुटलेला तुकडा. पेज अर्ध्यात कापलं जात असेल तर हा हिशोब आधी तपासा. आधी एनकोड करा, मग मोजा.

३) बॉम : काही एडिटर यूटीएफ-८ फाइलच्या सुरुवातीला ३ न दिसणारे बाइट्स टाकतात. पीएचपीमध्ये आउटपुट बफरिंग बंद असेल, तर हे बाइट्स निघाले की हेडर पाठवायची वेळ संपते. मग कुकी किंवा रीडायरेक्ट चालत नाही. उपाय सोपा, फाइल बॉमशिवाय सेव्ह करा.

एक सावधगिरी. चूक हेडरची असताना डेटाबेसमधला मजकूर 'दुरुस्त' करायला जाऊ नका. चांगला मजकूर पुन्हा एनकोड झाला, तर हेडर सुधारल्यावरही तो बिघडलेलाच दिसेल. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि हेडर परत वाचा.

गंमत म्हणजे पहिले दोन बिघाड इंग्रजीत लपून राहतात. साध्या इंग्रजी अक्षराला यूटीएफ-८ मध्ये १ च बाइट लागतो, त्यामुळे चुकीचा चारसेट आणि चुकीची मोजणी, दोन्ही खपून जातात. म्हणून टेस्टिंगला 'हॅलो वर्ल्ड' पुरेसं नाही, 'अमरावती' आणि 'अकोला' लिहून बघा. आणि फोटोचा शॉर्टकट टाळाच. फोटोतली सूचना शब्द टाकून शोधता येत नाही, आणि डोळ्यांनी न दिसणाऱ्या मित्राचा स्क्रीन रीडर ती सरळ वाचू शकत नाही. हेडर नीट असला की ती सर्वांपर्यंत पोचते.