समुद्रावर भूमि कोठून आणावी ?

विद्यार्थिमित्रहो, आपल्या घरीं भिंतीवरील विजेच्या तीन छिद्रांपैकीं वरचें मोठें छिद्र तारेनें जमिनीशीं जोडलेलें असतें. यास कारागीर ‘अर्थिंग’ म्हणतात. घरांत तें जीवरक्षणासाठीं असतें. बिनतारी यंत्रास तें निराळ्याच कारणासाठीं लागतें. परंतु ज्याच्या चहूंकडे पाणीच पाणी, अशा नाविकानें भूमि कोठून आणावी ? हा प्रश्न थट्टेचा नव्हे. प्रसंगीं तो प्राणाचा असतो.

शिडाच्या लहान नौकेंतून महासागर ओलांडणारे लोक आजहि आहेत. किनारा दूर राहिला कीं त्यांस लांब पल्ल्याचें बिनतारी यंत्र उपयोगी पडतें. त्याच्या लहरी आकाशांतील उंच विद्युद्भारित थरावरून परत वळून हजारों मैल जातात. उपग्रहामार्फत बोलणारीं यंत्रें आतां आलीं आहेत. तरी एकाच हांकेनें दूरदूरच्या अनेक नौकांस जागें करण्याचा गुण या जुन्या यंत्रांत आहे.

अशा नौकेवर कधीं कधीं एक चमत्कारिक अनुभव येतो. नाविकास इतरांचें बोलणें स्पष्ट ऐकूं येतें. त्याचें मात्र कोणासहि ऐकूं जात नाहीं. तो यंत्रास दोष देतो व अधिक शक्तीचें यंत्र घेण्याचा विचार करितो. पण पुष्कळदां दोष यंत्रांत नसतो. तो पायाखालीं असतो.

लोहाराचा भाता आठवा. हवा आंत घेण्याचें भोंक बुजविलें, तर भाता कितीहि दाबला तरी फुंकर निघत नाहीं. प्रेषक यंत्र एरिअलच्या तारेंत विद्युद्भार वर ढकलतें व लगेच खालीं ओढतें. हें सेकंदास लक्षावधि वेळां घडतें. जितका भार वर चढावयाचा, तितकाच दुसऱ्या बाजूनें कोठून तरी आला पाहिजे. एरिअल हें अर्धेंच अंग. दुसरें अर्धें अंग म्हणजे भूमि. ऐकण्यास अत्यल्प प्रवाह पुरतो, म्हणून अर्ध्या अंगानेंहि ऐकूं येतें. बोलण्यास दोन्ही अंगें लागतात. मार्कोनीनें १८९५ सालीं इटलींत बोलोन्या शहराजवळ प्रयोग करितांना तारेचें एक टोक उंच चढविलें व दुसरें जमिनीस जोडलें. तेव्हां त्याचे संकेत टेकडीपलीकडे, सुमारें दोन किलोमीटरपर्यंत, पोंचले.

नौकेवर एरिअलचें काम बहुधा डोलकाठीस मागून ताणून धरणारा पोलादी दोर करितो. त्याच्या दोन्ही टोकांकडे विद्युद्रोधक घालून तो अलग केलेला असतो, व पायथ्याशीं ‘ट्यूनर’ नांवाची पेटी असते. भूमि म्हणून समुद्रच घ्यावयाचा. कारण खारें पाणी गोड्या पाण्याहून कित्येक पटींनीं चांगलें विद्युद्वाहक आहे. पोलादी नौकेचें सर्व अंगच पाण्यास भिडलेलें असतें. परंतु आजच्या बहुतेक नौका फायबरग्लासच्या असतात, व त्यांतून वीज वाहत नाहीं. म्हणून ट्यूनरपासून सुमारें ७५ मिलिमीटर रुंदीची तांब्याची पातळ पट्टी जवळच्या वाटेनें नेऊन, तळाशीं पाण्यास भिडलेल्या काशाच्या तोटीस किंवा पत्र्यास जोडितात.

साधी गोल तार कां नको ? शीघ्र बदलणारा प्रवाह धातूच्या गाभ्यांत शिरत नाहीं. सेकंदास ८० लक्ष कंपनें असतां तो तांब्यांत केसाच्या जाडीहूनहि कमी खोल जातो. म्हणून जाडीपेक्षां रुंदीचें महत्त्व अधिक.

कोणी पाण्यास न जोडतां नौकेंतच तारा पसरतात. प्रत्येक तार लहरीच्या लांबीच्या चतुर्थांशाएवढी असावी. सेकंदास जितकीं दशलक्ष कंपनें, त्या संख्येनें ३०० स भागिलें कीं लहरीची लांबी मीटरांत मिळते. ८ नें भागिल्यास ३७.५ मीटर, त्याचा चतुर्थांश सुमारें ९.४ मीटर.

एक सावधगिरी मात्र हवी. निरनिराळे धातू खाऱ्या पाण्यांत असतां तांब्यानें जोडले कीं विजेचा घट तयार होतो, व त्यांतील एक धातु झिजूं लागतो. तळांतील तोटीच झिजली, तर नौकेंत पाणी शिरावयाचें ! म्हणून पट्टी एके ठिकाणीं कापून तें अंतर लहान कंडेन्सरांनीं सांधितात. झीज करणारा एकदिश प्रवाह तेथें अडतो. यंत्राचीं शीघ्र कंपनें मात्र पार होतात.

भूमि सदोष असली कीं प्रवाह भलत्याच तारांतून वाट काढितो. बोलणाऱ्याच्या ओठांस चटका बसतो, किंवा स्वयंचलित सुकाणू बोलण्याबरोबर वांकडें वळतें. सबब शहाणा नाविक बंदर सोडण्यापूर्वींच पट्टीचे सांधे हिरवे पडले आहेत कीं काय तें पाहतो, व दूरच्या कोणाशीं तरी बोलून खात्री करून घेतो.

डोलकाठीचा दोर बंदरांत सर्वांस दिसतो. तळांतील पट्टी कोणीहि पाहत नाहीं. वाळूवरचें घर व खडकावरचें घर यांचा प्रभूनें दिलेला दृष्टांत आपणांस ठाऊक आहेच. पूर येईपर्यंत त्या घरांतहि पाहणाऱ्यास काय फरक दिसला असेल ? म्हणून मुलांनो, आपली हांक दूर पोंचावी असें वाटत असेल, तर आवाज चढविण्यापूर्वीं पायाखालचा सांधा तपासा.