वगाच्या मागचा कीबोर्ड

संगमेश्वर तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर बहुरंगी नमन असलं की मी कीबोर्डवर असतो. गण-गौळणीला मृदंग आणि झांजा पुरतात. माझं खरं काम वग, म्हणजे कथानकाचं नाट्य, उभा राहिल्यावर. राजा दरबारात येतो, राक्षस प्रकटतो, राणी वनवासाला निघते, त्या सगळ्याचं पार्श्वसंगीत एकट्याने द्यायचं. या कामापायी इलेक्ट्रॉनिक संगीतकारांचे अल्बम ऐकायची खोड लागली. त्यातून आणि वाजवता वाजवता शिकलेलं हे थोडं.

१. सुरुवात चरणजित सिंगांपासून करावी. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारे हे मुंबईचे वादक. १९८२ मध्ये त्यांनी रोलंडची तीन यंत्रं जोडून भैरवी, ललत, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. अल्बम खपला नाही. २०१० मध्ये तो पुन्हा निघाला तेव्हा परदेशातले लोक चकित झाले, कारण तशाच आवाजाची, शिकागोच्या अ‍ॅसिड हाऊसमधली गाजलेली ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ १९८७ ची. आधी कोण, हा वाद रंगवणाऱ्यांनी रंगवावा. मला त्या तीन यंत्रांतलं टीबी-३०३ महत्त्वाचं वाटतं. एकट्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून केलेलं ते यंत्र, पण त्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे. पेटीवर मींड निघत नाही, तिथे ही सोय रागाच्या कामी येते. मी गौळणीत पिच बेंडचं चाक वापरतो ते हे ऐकल्यापासून. जपून मात्र. जरा जास्त फिरलं की राधा बेसूर.

२. पौराणिक वगाला ‘असले आवाज’ शोभत नाहीत, असं जुनी मंडळी म्हणतात. ‘चॅरियट्स ऑफ फायर’ या सिनेमाची गोष्ट १९२४ च्या ऑलिम्पिकची, संगीतकार वँगेलिसने तिला सिंथेसायझर लावला आणि ऑस्कर नेलं. कथेचा काळ आणि वाद्याचा काळ जुळलाच पाहिजे असं नाही.

३. संवाद चालू असताना उजवा हात उचलून ठेवावा. खालचा एक लांब सूर पुरतो. ‘ब्लेड रनर’ सिनेमा १९८२ चा, पण त्याच्या संगीताचा वँगेलिसचा स्वतःचा अल्बम आला १९९४ मध्ये, आणि त्यात सिनेमातले संवादही घेतलेले आहेत. बोलणं आणि सूर एकमेकांना जागा कशी देतात ते तिथे नीट कळतं. वँगेलिसच्या यामाहा सीएस-८० वर पट्टी दाबून धरली की दाबाप्रमाणे प्रत्येक सूर वेगळा फुलायचा. आमच्या कीबोर्डला ते येत नाही. म्हणून पायाखाली व्हॉल्यूम पेडल हवंच.

४. ‘सैराट’सारखं वाजव, ही फर्माईश दर गावात येते. अजय-अतुलनी तिथे हॉलिवूडमध्ये खराखुरा सिंफनी वाद्यवृंद वाजवून घेतला होता. स्ट्रिंग्जचं बटण दाबून ते कसं यायचं? नक्कल करण्यापेक्षा उघडउघड यंत्राचा वाटणारा आवाज लावावा. राक्षसाला तर तोच शोभतो.

५. जनरेटरची घरघर स्पीकरमध्ये उतरते. तिचा सूर ओळखून खर्ज त्यापासून लांब धरावा.

६. वीज जाणारच. मृदंग चालू राहतो, गाणाऱ्याचा सूर मात्र सुटतो. कीबोर्डशेजारी पेटी ठेवा, भाता मोकळा करून. पट्टी कोणती ते पेटीवाल्याला गणाच्या आधीच सांगा, आणि ट्रान्सपोज लावला असेल तर तेही.